सतराव्या वर्षाचे पाय

बर्फावरच्या हॉकीत स्केटिंग बघायचं तर बसायची जागा नीट निवडावी. टीव्हीचा कॅमेरा पकमागे, म्हणजे खेळातल्या चकतीमागे, धावतो, आणि पकमागे धावणाऱ्या नजरेला खेळाडूचे पाय दिसतच नाहीत. रिंकच्या लांब बाजूला, मधल्या रेषेच्या आसपास बसलं की गुडघा किती वाकतो आणि धक्का देणारा पाय मागे पूर्ण ताणला जातो का, ते कळतं. गोलच्या मागे वरच्या रांगेत बसलं की आणखी एक गोष्ट कळते: धक्का देऊन झालेला पाय परत शरीराखाली येतो, की बाहेरच टेकतो. बाहेर टेकला की पुढचा धक्का आखूड झालाच म्हणायचा. पोरगा हातपाय जोरजोरात हलवतो, घामाघूम होतो आणि तरी शेजारचा शांतपणे त्याच्या पुढे निघून जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून एक पिरियड बाजूला बसावं, एक गोलमागे. तिसऱ्या पिरियडला कुठेही बसा, तोवर डोळे तयार झालेले असतात.

*

स्केटचं ब्लेड जेमतेम ३ मिलिमीटर जाड. तळाला लांबीच्या दिशेने खोबण घासलेली असते, त्यामुळे त्याच एका पात्याला दोन धारा होतात, आतली एज आणि बाहेरची एज. आतल्या एजवर सगळेच उभे राहतात, कारण पाय फाकवून धक्का दिला की ती आपोआप लागते. बाहेरच्या एजवर उभं राहायला धीर लागतो. तिथे शरीर पायाच्या बाहेर झुकवावं लागतं आणि ते पातं धरून ठेवील यावर विश्वास ठेवावा लागतो. मुलगा कितपत शिकलाय हे बघायचं असेल तर मी त्याची बाहेरची एज बघतो, दोन्ही पायांची, वेगवेगळी.

*

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगच्या ड्राफ्टआधी, म्हणजे संघ तरुण खेळाडू निवडून घेतात त्याआधी, निवडक मुलांची मोठी तपासणी असते, २०१५ पासून ती बफेलोत भरते. मुलांना सायकलवर बसवून दम निघेपर्यंत चालवायला लावतात. उभ्या जागेवरून लांब उडी, पुल-अप्स, हाताची पकड, सगळं मोजतात. शिवाय एकेक संघ मुलाखत घेतो. बर्फावरची मात्र एकही चाचणी नाही.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. मला ते पटतं. रिकाम्या रिंकवर घड्याळ लावून पळवलं तर मिळतो फक्त वेग. आपल्याला हवं असतं ते वेगळंच: कोणीतरी अंगावर येतंय, काठी मध्ये घालतंय, पक नीट बसत नाहीये, शिफ्टचे, म्हणजे एका दमात बर्फावर राहण्याचे, चाळीस सेकंद उलटून गेलेत, तेव्हा पाय काय करतात. ते मॅचमध्येच दिसतं.

*

१९८४ च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस किंग्जनी लूक रोबितायला नवव्या फेरीत, १७१ व्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या कितीतरी आधी, चौथ्या फेरीत, त्यांनी टॉम ग्लॅव्हिन या मुलाला घेतलं होतं. तो हॉकीत आलाच नाही, बेसबॉलचा नामांकित पिचर झाला. रोबितायबद्दल स्काउटांचं, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांचं, म्हणणं ठरलेलं होतं: गोल करतो, पण स्केटिंग संथ. त्या संथ माणसाने एनएचएलमध्ये ६६८ गोल केले आणि २००९ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

स्काउटांनी पाय बरोबर पाहिले होते, पाय संथच होते. घोटाळा झाला तो त्यापुढच्या निष्कर्षात. गोलसमोरच्या गर्दीत कुठे उभं राहायचं हे ज्याला अर्धा क्षण आधी कळतं, त्याला तिथे पोचायला कमी अंतर कापावं लागतं. वहीत स्केटिंगचा रकाना वेगळा आखला की हे निसटतं.

*

या हिवाळ्यात ऑन्टॅरिओतल्या ज्युनियर ए हॉकीत खेळणारा एक मुलगा बघतोय. मराठी घरातला, सतरा वर्षांचा, डिफेन्समन, डाव्या हाताने काठी धरणारा. नाव लिहीत नाही. या वयाच्या मुलाच्या नावापुढे कोणी कायमचा शेरा मारू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिली नोंद: उभं राहणं उत्तम. गुडघे वाकलेले, छाती वर, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण घोटा पुढे वाकत नसेल तर गुडघा कितीही वाकवला तरी वजन टाचेवरच राहतं.

दुसरी नोंद: पहिली तीन पावलं बेताची. चौथ्यापासून छान.

*

डिफेन्समनचं निम्मं आयुष्य उलटं पळण्यात जातं, त्यामुळे त्याचं स्केटिंग फॉरवर्डच्या मापाने मोजू नये. समोरून फॉरवर्ड पक घेऊन वेगात येतोय. आपल्या पायांवर ज्याचा भरवसा आहे तो डिफेन्समन निळ्या रेषेपाशी टिकून राहतो, काठी पोचेल इतक्याच अंतरावर, आणि समोरच्याला आत यायची वाट देत नाही. ज्याचा भरवसा नाही तो आधीच मागे सरकू लागतो. रेषा सोडतो, मग वर्तुळं सोडतो, आणि शेवटी स्वतःच्या गोलीच्या मांडीवर जाऊन बसतो.

म्हणजे पायांवरचा अविश्वास पाय हलायच्या आधीच दिसतो, डिफेन्समन मागे सरकायला कधी सुरुवात करतो त्यात. कोणाचं स्केटिंग खरंच कच्चं आहे आणि कोणाचं नुसतं दिसायला ओबडधोबड आहे, हे ओळखायला मला यापेक्षा चांगली खूण सापडलेली नाही. मी बघतोय तो मुलगा मागे सरकत नाही. निदान डाव्या बाजूला तरी नाही.

*

कोणते दोष सुटतात आणि कोणते सुटत नाहीत, हाच खरा प्रश्न.

बॉब नायस्ट्रॉम न्यूयॉर्क आयलंडर्सकडे आला तेव्हा अंगाने दणकट पण स्केटिंगमध्ये कच्चा होता. लॉरा स्टॅम या बाईंनी त्याला शिकवलं. फिगर स्केटिंगच्या शिस्तीत एजेसचा जो बारकाईने अभ्यास असतो, तो त्यांनी हॉकीपटूंकडे आणला, आणि तोही १९७० च्या दशकात, जेव्हा व्यावसायिक संघाच्या सरावात बाई दिसणंच दुर्मीळ होतं. १९८० मध्ये आयलंडर्सना एनएचएलच्या विजेतेपदाचा पहिला स्टॅनले कप मिळाला तो नायस्ट्रॉमच्या जादा वेळातल्या गोलवर.

बार्ब अंडरहिल यांचंही तसंच. १९८४ मध्ये पॉल मार्टिनीबरोबर जोडी स्केटिंगच्या विश्वविजेत्या, नंतर एनएचएल संघांच्या स्केटिंग प्रशिक्षक. ब्रेडन पॉइंटला टॅम्पा बेने २०१४ मध्ये तिसऱ्या फेरीत, ७९ व्या क्रमांकावर घेतलं. लहानखुरा, आणि त्या अंगाच्या मानाने वेगही कमी, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. अंडरहिल यांच्याबरोबर त्याने स्ट्राइडवर काम केलं. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन कप टॅम्पाने जिंकले आणि दोन्ही वेळा प्लेऑफमध्ये सर्वाधिक गोल पॉइंटचे होते, १४ आणि १४. आज त्याला बघून कोणी म्हणणार नाही की या माणसाच्या वेगावर कधी काळी शंका होती.

माझी समजूत अशी. पाय शरीराखाली परत न येणं, गुडघा कमी वाकणं, हात पुढे-मागे हलण्याऐवजी अंगासमोर आडवे हलणं, पहिल्या पावलांना टाच टेकणं, हे सगळं सुटतं. वेळ लागतो, पण सोळा-सतराव्या वर्षी ताकद आली की उलट लवकर सुटतं. कंबरेचा सांधा उघडत नसेल तर अवघड, तिथे हाडांचीच ठेवण आड येते. आणि वेग बदलायचा कधी हे ज्याला कळत नाही, त्याला ते शिकवणारा स्केटिंगचा मास्तर मी अजून बघितलेला नाही.

*

पिरियडची शेवटची पाच मिनिटं चुकवू नयेत. बर्फ गुळगुळीत करणारी झॅम्बोनी गाडी फिरून गेलेल्या ताज्या बर्फावर सगळेच बरे दिसतात. पंधरा मिनिटांच्या खेळानंतर बर्फ खरवडलेला असतो, वर भुसा साचलेला, पक उड्या मारतो. वरवर घसरणारी मुलं तिथे अडखळू लागतात. ज्याची एज खोल जाते त्याला फारसा फरक पडत नाही. त्याचा आवाजही वेगळा असतो, वळताना भरीव, एकसंध खर्रर्र. कच्च्या वळणाचा आवाज तुटक येतो.

*

शॉन डेला २०१३ मध्ये ऑन्टॅरिओ हॉकी लीगमध्ये पंधराव्या वर्षीच, म्हणजे नेहमीपेक्षा एक वर्ष आधी, खेळायची खास परवानगी मिळाली. त्याच्या आधी ही परवानगी मिळालेले तिघे म्हणजे जॉन टावारेस, ॲरन एकब्लॅड आणि कॉनर मॅकडेविड. तिघंही पुढे ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. डेचं स्केटिंग बघणाऱ्याला हरखून टाकणारं होतं, इतक्या थोराड अंगाचा डिफेन्समन इतका सहज वाहू शकतो यावर विश्वास बसत नसे. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो तिसऱ्या फेरीत, ८१ व्या क्रमांकावर गेला. एनएचएलमध्ये तो पोचला, पण अगदी मोजक्या सामन्यांपुरता.

हे त्याला कमी लेखायला लिहीत नाही. पंधरा वर्षांच्या पोरावर मोठ्यांनी एवढं ओझं ठेवलं, याचं मला वाईट वाटतं. सुंदर स्केटिंग बघणाऱ्याचे बाकीचे प्रश्न मिटवून टाकतं, ही भीती मला कुरूप स्केटिंगच्या भीतीपेक्षा मोठी वाटते. कुरूप दिसलं की आपण निदान पुढचा प्रश्न विचारतो.

*

आपल्या मुलाची उजवी बाजू कच्ची आहे. डावीकडे वळताना क्रॉसओव्हर झकास, उजवा पाय डाव्यावरून जातो, दोन्ही ढकलतात, वेग वाढतो. उजवीकडे वळताना डावा पाय उचलून नुसता पुढे ठेवतो. खालचा उजवा पाय बाहेरच्या एजवर जातच नाही, सपाट राहतो. उजव्या कोपऱ्यातून पक काढायचा झाला की याला अर्धा सेकंद उशीर होतो आणि मागचा फॉरवर्ड येऊन याला बोर्डवर आपटतो.

एवढा फरक सहसा नसतो. सगळ्यांची एक बाजू सोपी असते, पण इतकी नाही.

मॅचनंतर त्याच्या आईशी बोलताना उलगडा झाला. मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत पुण्यात होता आणि तिथे चाकांच्या स्केटिंगच्या क्लासला जायचा. आधी क्वाड, मग इनलाइन. रिंक रेसमध्ये मेडल्सही आहेत. रेस नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सतत डावीकडे वळत. ऐन शिकण्याच्या वयात या मुलाने हजारो वळणं घेतली ती एकाच बाजूला. आणखी एक: चाकांवर आडवं घासून थांबणं सहज जमत नाही, बर्फावर मात्र थांबायचं ते तसंच. उजवीकडे तोंड करून थांबताना तो अजूनही एक जादा पाऊल घेतो, ते त्यामुळे.

हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. दोषाचं मूळ शरीरात नाही, सवयीत आहे. लांब, भरपूर धक्क्याचा जो स्ट्राइड सगळे वाखाणतात तोही पुण्याच्या त्याच रिंकवरून आलाय. त्याच्या प्रशिक्षकांना हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्याला सरावात उजवीकडे दुप्पट वळणं द्यायला हवीत, एवढं साधं आहे हे.

*

मॅकडेविडने एनएचएलची सर्वांत वेगवान स्केटरची स्पर्धा २०१७, २०१८, २०१९ आणि मग २०२४ मध्ये जिंकली. पण मॅचमध्ये त्याच्याकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. मधल्या पट्ट्यातून पक नेताना तो सरळ रेषेत पाय मारत नाही, क्रॉसओव्हर करत राहतो. त्यामुळे वेग वाढत असताना दिशाही बदलत राहते, आणि डिफेन्समनला तो डावीकडून जाणार की उजवीकडून हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही. शिवाय हात पायांइतकेच वेगात चालतात. पक काठीवर आल्यावर किती वेग उरतो, हा आकडा मला रिकाम्या फेरीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

*

जन्मतारीख विचारायला विसरू नये. कॅनडात वयोगट जानेवारी ते डिसेंबर असा धरतात. रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की वरच्या पातळीच्या हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचा भरणा फार असतो. आठव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक म्हणजे अंगात मोठाच फरक. थोराड मुलगा निवडला जातो, त्याला जास्त बर्फ, चांगले प्रशिक्षक मिळतात, आणि दोन-तीन वर्षांत तो खरंच चांगला होऊन बसतो.

ड्राफ्टची रेषा वेगळी, १५ सप्टेंबर. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला. मधलं वर्ष तो झुरिकच्या संघातून मोठ्या माणसांबरोबर खेळला आणि २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

आपला मुलगा नोव्हेंबरचा. अजून उंची वाढतेय, बूट या वर्षात बदललेत. उंची झपाट्याने वाढताना पाय काही महिने स्वतःचे वाटत नाहीत, चांगली एज असलेली मुलंही अडखळतात. ऑक्टोबरातली नोंद फेब्रुवारीत पुन्हा तपासावी लागते, आणि त्याच्या बाबतीत ती बदलली आहे. पहिली तीन पावलं आता बरी पडतात.

*

पक नसताना बघायचं. खरं तर सगळ्यात जास्त तेव्हाच.

डिफेन्समन स्वतःच्या कोपऱ्यात पक आणायला मागे धावतो तेव्हा पाठ समोरच्यांकडे असते. त्या धावण्यात तो मान किती वेळा वळवतो? आमचा मुलगा दोनदा वळवतो. एकदा निघताना, एकदा पकला पोचण्याआधी. त्यामुळे पक काठीला लागतो तेव्हा तो कुठे द्यायचा हे ठरलेलं असतं. दुसऱ्या पिरियडला एक चढाई याच्या अंगावर आली. त्याने मान वळवून बघितलं, खांदा डावीकडे टाकला, समोरचा तिकडे गेला, आणि हा पक तसाच सोडून उजव्या बाजूने गोलमागे निघून गेला. वेग अजिबात वापरला नाही. टाळ्या पडल्या नाहीत, कारण काही घडलं नाही. गोल वाचतो तो असाच.

लेन हटसनला मॉन्ट्रियलने २०२२ मध्ये ६२ व्या क्रमांकावर घेतलं. उंची पाच फूट आठ-नऊ इंच, तोही डिफेन्समन. सरळ धावण्यात तो कोणाला मागे टाकतो असं नाही. पण एजवर तो इतका मोकळा आहे की समोरच्याला खोट्या दिशेने पाठवून स्वतः निघून जातो. २०२४-२५ च्या पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने ६६ गुण मिळवले, त्यात ६० असिस्ट, आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेतली. पाय आणि डोळे एका वेळी विचार करतात, तेव्हा हे होतं.

*

त्याच्या आईने विचारलं, “दादा, खरं सांगा, याचं पुढे काही होईल का? की अभ्यासाकडे वळवू?”

इथल्या बऱ्याच मराठी घरांत हा प्रश्न असतो आणि तो विचारायला लोक संकोचतात. पहाटेच्या सरावाला गाडी काढणारे, उन्हाळ्यात पॉवर स्केटिंगच्या शिबिरांचे पैसे भरणारे आईवडील. त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे, आणि गोड उत्तर नको. ब्रिटिश कोलंबियातल्या सरे शहरातला अर्शदीप बैन्स ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. २०२१-२२ मध्ये वेस्टर्न हॉकी लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचे होते, मग व्हँकुव्हरने करार केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला. हे उदाहरण मी त्यांना दिलं. सोबत हेही सांगितलं की असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात, आणि अभ्यास सोडायची गरज नाही, कारण पुढची वाट अभ्यासातूनच जाते.

मुलगा गाडीत सामान टाकत होता. तेवढ्यात म्हणाला, “काका, उजवीकडचं मला माहितीय. सरावात मी तिकडे टाळतो.” सतराव्या वर्षी स्वतःचा दोष इतका नेमका सांगणारी मुलं मी फार बघितलेली नाहीत. हेही वहीत लिहिलंय, स्केटिंगच्या पानावरच.

*

हंगाम संपताना लिहिलेला शेरा, जसाच्या तसा:

उलटं स्केटिंग फार चांगलं. अंतर राखतो. डावी बाजू वरच्या दर्जाची, उजवी दोन पायऱ्या खाली, पण सुधारण्याजोगी. पहिली पावलं सुधारतायत. मान वळवून बघण्याची सवय पक्की. अंगात अजून दहा किलो हवेत. यंदाच्या ड्राफ्टमध्ये नाव येणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये. अजून दोन हंगाम ज्युनियर, मग हॉकीचा चांगला संघ असलेलं अमेरिकन विद्यापीठ. तिथे सामने मोजके, बहुतेक शुक्रवार-शनिवारी, त्यामुळे ताकद वाढवायला आठवडा मोकळा मिळतो, आणि उशिरा वाढणाऱ्या मुलाला नेमकं तेच हवं असतं. उजवा पाय बाहेरच्या एजवर उभा राहायला लागला तर एनएचएलच्या एक पायरी खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळण्याइतका खेळ याच्यात आहे. एनएचएलचं आज सांगणार नाही. विसाव्या वर्षी पुन्हा बघावं.